सुंता : गरज कुणाची, घाई कुणाची?

‘मुलगा वाढवताना’ हा यंदाच्या अंकाचा विषय. संपादकांच्या यादीत अभ्यास होता, मोबाइल होता, वयात येणं होतं, बाप-लेकांमधला अबोला होता. यादी संपल्यावर ते जरा अवघडून म्हणाले, “सुंतेवर कुणी लिहील का? नुसतं धर्माच्या अंगाने नको. हल्ली डॉक्टरच बऱ्याच मुलांना करायला सांगतात म्हणे.” मी हो म्हटलं आणि पुण्यातल्या एका बालशल्यचिकित्सकांच्या ओपीडीत जाऊन बसले.

मे महिना होता. शाळांना सुट्टी लागली की इथली गर्दी वाढते. बाहेरच्या बाकांवर दोन तऱ्हेची माणसं दिसत होती. काही कुटुंबं नटूनथटून आली होती. मुलाची सुन्नत करायची हे त्यांचं आधीच ठरलेलं, फक्त तारीख हवी होती. दुसऱ्यांच्या हातात कुणा डॉक्टरची चिठ्ठी होती, त्यावर ‘फायमोसिस’, म्हणजे शिश्नाची पुढची कातडी मागे न जाणं, असं लिहिलेलं, आणि चेहऱ्यावर काळजी. ही दुसरी माणसं बहुतेक हिंदू, आणि आलेल्यांत बहुतेक आयाच.

पहिल्यांचा प्रश्न ‘कशी करायची’ हा होता, दुसऱ्यांचा ‘करायची का’ हा. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्हींची उत्तरं आईबापांना माहीत असायला हवीत. प्रत्यक्षात पहिले फारसं विचारत नाहीत आणि दुसरे चिठ्ठी हाच निकाल समजतात.

तेलाचा हात

चिठ्ठी घेऊन आलेली एक आई दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी मुलाला तपासलं. शिश्नाच्या टोकाशी कातडीला बारीक चिरा पडल्या होत्या, कडा लालबुंद होती.

“ताई, ही कातडी मागे कोण ओढतं?”

“अंघोळ घालायला मावशी यायच्या ना, त्यांनी सांगितलेलं. रोज मागे घेऊन तेल सोडायचं, नाहीतर पुढे जाऊन अडचण होते म्हणाल्या. आता मीच करते. तो फार रडतो.”

“रडणारच. आजपासून हात लावायचा नाही.”

डॉक्टरांकडे आलेल्या निम्म्या चिठ्ठ्यांमागे हा तेलाचा हात असतो, असं त्यांचं म्हणणं. बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईच्या हातात खरंच कसब असतं. बाळाचं अंग कसं चोळायचं, शेक-शेगडी कशी द्यायची, हे तिला पक्कं ठाऊक. पण या एका बाबतीत तिचा आणि आपल्या आज्यांचा समज चुकीचा आहे. काही दवाखान्यांतही ‘रोज मागे ओढून स्वच्छ करा’ असं सांगितलं जातं, तेही तितकंच चूक.

नखाखालची कातडी जशी नखाला धरून असते तशी जन्मताना ही पुढची कातडी आतल्या बोंडाला चिकटलेली असते. ती मागे जात नाही, कारण ती अजून सुटलेलीच नसते. डग्लस गेर्डनर या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञांनी १९४९ साली मुलं तपासून एक लेख लिहिला. नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागे जाते, असं त्यांना दिसलं. याकोब ऑस्टर या डेन्मार्कच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांना अनेक वर्षं तपासत राहून १९६८ साली आकडे मांडले. सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांत कातडी कुठे ना कुठे चिकटलेली होती, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत फक्त ३ टक्क्यांत. कातडीचं तोंड अरुंद असल्याचं प्रमाण त्याच काळात ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. ही मुलं मोठी झाली, एवढंच घडलं होतं.

म्हणजे तीन, पाच, अगदी आठ वर्षांच्या मुलाची कातडी मागे जात नसेल, पण लघवी नीट होत असेल आणि दुखत नसेल, तर त्याला काहीही झालेलं नाही. लघवीच्या सुरुवातीला कातडीचा छोटा फुगा होतो, तोही बहुतेक वेळा घाबरण्यासारखा नसतो. कातडीखाली साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले की आया ‘पू झाला’ म्हणून धावत येतात. तो पू नसतो. कातडी सुटताना झडलेल्या पेशी तिथे साठतात आणि वाट मोकळी झाली की आपोआप बाहेर पडतात. गुबगुबीत बाळांचं शिश्न चरबीत बुडून छोटं दिसतं, त्याचाही सुंतेशी काही संबंध नाही. उलट अशा बाळाची सुंता केली तर ते आणखी आत ओढलं जाऊन गुंतागुंत होऊ शकते.

जबरदस्तीने ओढलं की कातडी फाटते, फाटलेली जागा भरताना वण धरतो, आणि वणाची कातडी ताणली जात नाही. जे दुखणं नव्हतंच ते घरच्या हातांनी तयार होतं. कधी ओढलेली कातडी मागेच अडकून बसते, पुढचा भाग सुजतो आणि काही तासांत रक्तपुरवठा अडू लागतो. हे झालं तर रात्र असली तरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

चिठ्ठी खरी कधी असते

त्याच सकाळी नऊ वर्षांचा एक मुलगा आला. आधी त्याची कातडी व्यवस्थित मागे जायची. गेल्या वर्षभरात ती घट्ट होत गेली होती. लघवीची धार बारीक झालेली, शाळेच्या स्वच्छतागृहात वेळ लागतो म्हणून मुलं चिडवायची. डॉक्टरांनी टोकाकडे बोट दाखवलं : कातडीच्या तोंडाशी पांढरट, चकचकीत, कडक कडं. त्वचेच्या या आजारात आपोआप सुटण्याची वाट पाहत बसायचं नसतं, कारण तो लघवीच्या छिद्रापर्यंत आणि नळीपर्यंत पसरू शकतो. या मुलाला शस्त्रक्रिया लागणार होती, आणि काढलेली कातडी तपासणीला पाठवली जाणार होती.

खरं कारण असणारी मुलं थोडी असतात. हे पांढरं कडं, पुन्हा पुन्हा होणारा कातडीचा संसर्ग, मूत्रमार्गात जन्मजात दोष असून सारखा मूत्रसंसर्ग होणारी बाळं, आणि मोठं होऊनही वण धरल्यामुळे न सुटणारी कातडी. बाकीच्यांना डॉक्टर आधी मलम देतात. स्टेरॉइडचं, बहुधा बीटामेथासोनचं मलम कातडीच्या अरुंद कडेला दिवसातून दोनदा पातळ लावायचं आणि चार ते आठ आठवडे चालू ठेवायचं. सोबत दुखणार नाही इतपतच हलकासा ताण. बहुसंख्य मुलांत एवढ्यावर भागतं. मात्र हे मलम डॉक्टरांनी पाहून दिलेलं असावं, दुकानातून आपल्या मनाने आणलेलं नको. मलमाने न भागलेल्यांतही काहींना कातडी पूर्ण न काढता तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया चालते. हा पर्याय असतो, पण आईबापांना तो विचारावा लागतो.

नऊ वर्षांच्या त्या मुलाच्या वडिलांनी ऑपरेशन मान्य केलं, पण मुलाला बाहेर पाठवून दार लोटलं आणि विचारलं, “गावाकडे काय सांगायचं?” डॉक्टरांनी हा प्रश्न अनेकदा ऐकलेला होता. दंगलीत माणसाचा धर्म ठरवायला त्याचे कपडे उतरवल्याच्या आठवणी या देशात १९४७ पासून आहेत. त्यामुळे बापाच्या मनात ही भीती येते, ती खोटी म्हणता येत नाही. पण त्या भीतीपायी मुलाची लघवी अडेपर्यंत थांबणारे पालकही डॉक्टरांनी पाहिले आहेत. ते वडिलांना म्हणाले, “लघवीच्या जागी आजार झाला होता, त्याचं ऑपरेशन केलं असं सांगा. खरंच तसं आहे.”

आठवा दिवस आणि उन्हाळ्याची सुट्टी

सुंता हा ज्यांच्या धर्माचा भाग आहे अशी मराठी बोलणारी माणसं कोकणात शतकानुशतकं राहतात. बेने इस्रायली ज्यूंच्या परंपरेत पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटल्याची कथा आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा विसरली, ग्रंथ हरवले, तरी मुलाची आठव्या दिवशीची सुंता सुटली नाही. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. भारतात आता काही हजार उरले, ते मुंबई, ठाणे आणि रायगडकडे.

ठाण्यातल्या एका वयस्कर बेने इस्रायली गृहस्थांनी मला विधी सांगितला. आठवा दिवस शनिवारी आला तरी चालतो, सणाला आला तरी चालतो. एक खुर्ची एलियाहू हनाबीसाठी, म्हणजे प्रेषित एलियासाठी, मोकळी ठेवतात. बाळाला मांडीवर घेण्याचा मान घरातल्या वडीलधाऱ्याला. सुंता झाली की बाळाचं नाव जाहीर होतं. “पण बाळ पिवळं असेल, नीट पीत नसेल, तर पुढे ढकलायची,” ते म्हणाले. “तब्येत आधी. हे आमच्या शास्त्रातच आहे.” शास्त्रात याहूनही एक लक्षणीय नियम आहे. ज्या घरात सुंतेनंतर दोन मुलगे दगावले, त्या घरातल्या तिसऱ्याची करू नये, असं ताल्मूद सांगतो. रक्त न गोठण्याचा आजार आईकडून मुलग्यांकडे जातो हे विज्ञानाला कळण्याच्या कित्येक शतकं आधी लोकांना घराघरांत ते दिसलं होतं.

मुसलमानांत वय असं ठरलेलं नाही. कुराणात सुंतेचा थेट उल्लेख नाही, हदीसमध्ये आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यांच्यात ती अनिवार्य मानतात. दख्खनकडचे बहुतेक हनफी, त्यांच्यात ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची पाळावी अशी रीत. काही घरं सातव्या दिवशी उरकतात, काही चार-पाच वर्षांनी. मुलाला नवे कपडे, गळ्यात हार, जवळच्यांना जेवण.

मिरजेत सुंता करणाऱ्या एका माजी कारागिराशी बोलले. त्यांच्या घरात हे काम तीन पिढ्या चालत आलं होतं. बांबूच्या चिमट्यात कातडी धरायची, मुलाला वर बघायला सांगायचं, “वो देख चिडिया,” आणि एका झटक्यात वस्तरा फिरवायचा. वर राख आणि कापडाची पट्टी. “हात साफ होता माझा,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “पण ताई, मुलगा आतून कसा आहे हे आम्हाला कळायचं नाही. रक्त थांबलं नाही तर आमच्याकडे दुआ सोडून काय होतं?” त्यांच्या स्वतःच्या नातवाची सुन्नत मात्र रुग्णालयात झाली, भूल देऊन. हा निर्णय त्यांचाच.

वस्तरा, रिंग, स्टेपलर

हल्ली रस्त्यारस्त्यावर फलक दिसतात : ‘बिनटाका सुंता’, ‘लेसर सुंता’, ‘दहा मिनिटांत घरी’. पद्धती अनेक आहेत आणि त्या समजून घेतल्या तर फलकांचा प्रभाव कमी होतो. तान्ह्या बाळासाठी प्लास्टिकची रिंग वापरतात. कातडीवर दोरा घट्ट आवळतात, पुढची कातडी वाळते आणि साधारण पाच ते दहा दिवसांत रिंगसह गळून पडते. काही धातूचा चाप वापरतात. मोठ्या मुलांत कातडी कापून विरघळणारे टाके घालतात. मोठी मुलं आणि पुरुष यांच्यासाठी स्टेपलर आला आहे, त्यात कापणं आणि पिना मारणं एकाच वेळी होतं. यातली कोणतीही पद्धत वाईट नाही. वाईट होते ती अंदाजाने केलेली, भूल न देता केलेली, किंवा आधी न तपासता केलेली.

आधी काय तपासायचं? एक, लघवीचं छिद्र टोकालाच आहे ना. काही मुलांचं छिद्र खालच्या बाजूला असतं. पुढे ते दुरुस्त करताना हीच कातडी शल्यचिकित्सकाला वापरायची असते, ती कापून टाकली तर दुरुस्तीचं साहित्यच जातं. अशा मुलाची सुंता मुळीच करू नये. दोन, घरात कुणाला दात काढल्यावर, जखम झाल्यावर रक्त थांबत नाही असं झालंय का, विशेषतः आईच्या भावांना. तीन, नवजात बाळाला जन्मल्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालंय का.

भुलीबद्दल तर तडजोडच नको. ‘तान्ह्या बाळाला कळत नाही’ हा समज केव्हाच मागे पडला. बाळाला दुखतं, आणि शिश्नाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन ती जागा बधिर करता येते. मोठ्या मुलाला बहुधा पूर्ण भूल देतात, त्यासाठी भूलतज्ज्ञ हवा आणि उपाशी ठेवण्याच्या सूचना काटेकोर पाळायला हव्यात.

यंत्राचा धोका किती मोठा असू शकतो, याचं एक उदाहरण वैद्यकीय जगात कायमचं नोंदलं गेलं आहे. १९६६ साली कॅनडात विनिपेगमध्ये आठ महिन्यांच्या जुळ्या भावांना लघवीला त्रास होतो म्हणून सुंता सांगितली गेली. पहिल्याची करताना विद्युत उपकरणाने शिश्न जळून गेलं. पुढे त्याला मुलगी म्हणून वाढवण्याचा सल्ला दिला गेला. किशोरवयात सत्य कळल्यावर तो डेव्हिड रीमर या नावाने पुरुष म्हणून जगू लागला आणि २००४ साली त्याने आयुष्य संपवलं. दुसऱ्या भावाची शस्त्रक्रिया झालीच नाही. त्याचा त्रास आपोआप गेला.

पुण्याचा अभ्यास, अमेरिकेचा फॉर्म

सुंतेचे फायदे नाहीत असं मात्र नाही. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉक्टरांसह झालेला एक अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणारे, एचआयव्ही नसलेले २२९८ पुरुष त्यात होते. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण बरीच कमी दिसली. त्यानंतर दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात मोठ्या चाचण्या झाल्या. स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे ६० टक्के घटते असं दिसलं, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे साथ फार पसरली आहे अशा देशांसाठी, पुरुषांच्या ऐच्छिक सुंतेची शिफारस केली. भर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेवर होता. भारतासाठी अशी शिफारस नाही. शिवाय हा फायदा शरीरसंबंध सुरू होण्याच्या वयातला आहे. त्या वयात मुलगा स्वतः ठरवू शकतो, आणि निरोध तर सगळ्यांनाच लागतो.

पहिल्या वर्षातला मूत्रसंसर्ग सुंतेने कमी होतो हेही खरं. पण निरोगी मुलग्यांत तो मुळात शंभरात एखाद्यालाच होतो. एकाचा संसर्ग टाळायला शंभरावर बाळांची सुंता करावी लागेल, असा हिशेब निघतो.

न्यू जर्सीत बाळंत झालेल्या एका मैत्रिणीने सांगितलं की, दुसऱ्या दिवशी नर्स कागद घेऊन आली आणि सहज विचारलं, करायची ना? अमेरिकेत ही पद्धत धर्माशिवाय रुजली. २०१० साली तिथल्या रुग्णालयांत जन्मलेल्या सुमारे ५८ टक्के मुलांची सुंता तिथेच झाली होती. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ साली म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट शिफारस करण्याइतके नाहीत. शेजारच्या कॅनडातल्या बालरोग संस्थेने २०१५ साली सरसकट सुंता नको असं सांगितलं. इंग्लंडमध्ये गेर्डनरच्या लेखानंतर आणि सरकारी आरोग्यसेवेने खर्च न उचलल्यामुळे ही पद्धत ओसरली. ज्ञान सगळीकडे तेच, पण प्रत्येक देशाची रीत वेगळी. मैत्रिणीने नको म्हणून सही केली. तिचा मुलगा ठणठणीत आहे.

जर्मनीत २०१२ साली कोलोनच्या न्यायालयाने धार्मिक सुंतेला शारीरिक इजा ठरवलं, तेव्हा ज्यू आणि मुसलमान दोघेही अस्वस्थ झाले. त्याच वर्षअखेरीस संसदेने कायदा करून ती वैद्यकीय नियमांनुसार करायला मुभा दिली. मुलाच्या शरीरावर पालकांचा हक्क कुठवर, या प्रश्नाला भारतात अजून फारसं तोंड फुटलेलं नाही. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला निदान काय होणार आहे हे खरं सांगायला कायदा लागत नाही. ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेलेली मुलं पुढे डॉक्टरला आणि आईबापाला, दोघांनाही घाबरतात.

घरी आल्यावर

सुंतेनंतरची जखम सांभाळायला जुन्या घरांत एक चांगली युक्ती होती. छताला किंवा पलंगाला दोरी बांधून वरची चादर उचलून धरायची, म्हणजे जखमेला कापड लागत नाही. लुंगी किंवा सैल झबलं हा त्याचाच प्रकार. पहिली लघवी झोंबते, तेव्हा वरून कोमट पाणी सोडलं की मुलगा मोकळा होतो. दोन-तीन दिवसांत बोंडावर पिवळसर साय धरते. तो पू नसून जखम भरण्याची खूण आहे. ती खरवडायची नाही, वर हळद किंवा राख घालायची नाही. दहाएक दिवसांत मूल पूर्ववत खेळू लागतं.

घाबरायचं कधी, तर पाच-दहा मिनिटं स्वच्छ कापडाने दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, आठ-दहा तास लघवी झाली नसेल, ताप असेल, पुढचा भाग निळा-काळा पडला असेल, किंवा रिंग मागे सरकून रुतली असेल. अशा वेळी घरगुती उपाय नकोत, फोनवरचा सल्लाही नको. महिन्यांनंतर लघवीची धार वर उडत असेल किंवा सुईसारखी बारीक झाली असेल, तर छिद्र आक्रसलेलं असू शकतं, तेव्हाही दाखवायचं.

ज्यांच्या घरची ही रीत आहे त्यांनी ती पाळावी, पण प्रशिक्षित हातांनी, भूल देऊन, आधी तपासून. खर्च जमत नसेल तर सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करावी. ज्यांच्या हातात ‘फायमोसिस’ची चिठ्ठी आहे त्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत : हा आजार आहे की वय? मलमाने भागेल का? थांबलो तर काय बिघडेल? उत्तर पटलं नाही तर बालशल्यचिकित्सकाचं दुसरं मत घ्यावं. आणि बाकीच्या सगळ्यांनी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, बाहेरून पाण्याने धुवावं आणि कातडीला तिच्या वेळेने सुटू द्यावं. मोठा झाला की मुलगाच ती मागे घेऊन धुवायला शिकेल. ते शिकवायचं काम बापाचं आहे, आणि तेवढ्यासाठी तरी बापांनी ओपीडीच्या बाकावर येऊन बसायला हरकत नाही.